खाडा नेमका कुठे पडतो? मन थकलेलं असताना व्यायाम टिकवण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34. वर्षभरात तिसऱ्यांदा व्यायाम सुरू केलात, आठवड्यातून 6 दिवस, तोही पहाटे. 12 किलो वजन उतरवायचं आणि 10 किलोमीटर न थांबता पळायचं, असं ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडलं. गेले पाच-सहा महिने झोप तुटक आहे, मन कशातच लागत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘तू आरंभशूर आहेस.’ मनाच्या अवस्थेचा व्यायामावर खरंच इतका परिणाम होतो, की ही आपणच शोधलेली सबब आहे, असं तुम्ही विचारलंय. आणि 10 किलोमीटरचा नाद सोडून द्यावा का, हेही.

सबब नाही. मी 16 वर्षं लोकांकडून व्यायाम करून घेतेय. त्यातली अलीकडची 9 वर्षं मुख्यतः अशा लोकांबरोबर गेली, ज्यांचे डिप्रेशन किंवा अँग्झायटीवर उपचार चालू आहेत आणि ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलंय. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, निदान करणं माझं काम नाही. पण व्यायाम कसा सुटतो, हे मी रोज जवळून बघते. ‘माझा व्यायाम टिकत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. काहींचा व्यायाम घरातून निघण्याआधीच सुटतो, काहींचा करता करता सुटतो, आणि काहींचा एक खाडा पडला की कायमचा सुटतो. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, माणूस यायचा बंद होतो. उपाय मात्र तिघांचे वेगळे. म्हणून मी नव्या माणसाला पहिला प्रश्न ‘ध्येय काय?’ असा विचारत नाही. ‘मागच्या वेळी नेमकं कुठे अडलं, घड्याळ लावून सांगा,’ असं विचारते.

हा प्रश्न एका बाईंना विचारला होता. त्यांची परवानगी घेऊन सांगते. चाळिशीच्या आसपासच्या, नोकरीत चोख, डिप्रेशनवर औषधं चालू. सकाळी 6 ला यायचं ठरलेलं असायचं आणि त्या यायच्या नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘गजर होतो. मी उठते. कपडे बदलते. पलंगाच्या कडेला बसून एक मोजा घालते. मग दुसरा हातात धरून बसून राहते. पावणेसात झाले की आता काय उपयोग, म्हणून पहिलाही काढून ठेवते.’

उठणं झालं होतं, कपडेही बदलून झाले होते. अडलं होतं दुसऱ्या मोज्यापाशी. जवळजवळ 40 मिनिटं. याला आळस कसं म्हणायचं? आळशी माणूस ती 40 मिनिटं सुखाने झोपतो. या बाई त्या वेळात स्वतःला शिव्या घालत बसलेल्या असायच्या.

डिप्रेशनचं निदान करताना डॉक्टर 9 लक्षणं तपासतात. त्यात नुसती उदासी नसते. आवडत्या गोष्टीतलाही रस जाणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, सततचा थकवा, हालचाल आणि विचार मंदावणं, लक्ष न लागणं, साधा निर्णयही न होणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, हे सगळं त्यात येतं. आता हीच यादी ट्रेनरच्या नजरेने वाचा. व्यायाम टिकवायला जे जे लागतं, ते एकेक करून काढून घेतल्यासारखं दिसेल. अशा माणसाला ‘जिद्द दाखव’ म्हणणं म्हणजे जे संपलंय तेच त्याच्याकडे मागणं.

‘व्यायाम कर, बरं वाटेल’ हे वाक्य खोटं नाही. 1999 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जेम्स ब्लुमेंथाल यांच्या गटाने डिप्रेशन असलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या 156 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त व्यायाम, काहींना सर्ट्रालिन हे औषध, काहींना दोन्ही. 16 आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी होती. औषधाचा गुण फक्त लवकर दिसला. हा अभ्यास सगळे सांगतात. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. ती माणसं एकेकटी पहाटे उठून पळत नव्हती. आठवड्यातून तीनदा, गटात, देखरेखीखाली व्यायाम करत होती. कोणीतरी त्यांची वाट बघत होतं. एकट्याने सुरुवात करायची वेळ आली की किल्ली घरात राहून दार लागल्यासारखं होतं. व्यायामाने मन सुधारेल हे पटतं, पण व्यायाम सुरू करायलाच ते मन लागतं.

मग दार उघडायचं कसं? मानसोपचारात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे. तिची मुळं 1970 च्या दशकातल्या पीटर लेविन्सन यांच्या कामात सापडतात. उदास माणूस हळूहळू सगळं कमी करतो, त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंगही कमी होतात, आणि त्यामुळे तो आणखी खचतो. म्हणून मूड यायची वाट बघायची नाही. कृती ठरवायची, ती हास्यास्पद वाटेल इतकी छोटी ठेवायची, आणि ठरल्या वेळी करायची. मूड मागून येतो, कधीकधी बऱ्याच मागून येतो.

त्या बाईंच्या बाबतीत आम्ही तीन गोष्टी बदलल्या. सकाळ सोडली. डिप्रेशनमध्ये अनेकांना सकाळचे तास सगळ्यात जड जातात आणि दुपारनंतर थोडं हलकं वाटतं. त्यांचंही तसंच होतं. पहाटे उठणं म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, संध्याकाळी 6 ला केलेला व्यायामही शरीराला तितकाच पोचतो. दुसरं, घरी जाऊन तयार होऊन यायचं नाही, ऑफिसातून थेट यायचं. बूट ऑफिसच्या खणात. तिसरं, फक्त 10 मिनिटं करायचं आणि वाटलं तर परत जायचं. मी अडवणार नाही, हा शब्द दिला आणि पाळला. पहिल्या महिन्यात निम्म्या वेळा त्या 10 मिनिटांत निघून गेल्या. पण येत राहिल्या. सुट्टीच्या दिवशी घरून निघताना अडलं तर त्यांनी मला ‘एक मोजा’ एवढंच लिहायचं आणि मी ‘दुसरा’ एवढंच उत्तर द्यायचं. बाकी चौकशी नाही, उपदेश नाही. हे अजून चालू आहे.

याला जोडून आणखी एक काम मी सगळ्यांना देते. व्यायामाआधी वहीत एक आकडा लिहायचा: आज हे करून मला किती बरं वाटेल, 0 ते 10. नंतर पुन्हा लिहायचा: खरोखर किती वाटलं. थकलेलं मन आधीचा आकडा फार कमी देतं, 1 नाहीतर 2. नंतरचा 4 किंवा 5 येतो. खूप मोठा नसतो, पण आधीच्यापेक्षा जास्त असतो. तीन-चार आठवडे हे स्वतःच्या अक्षरात बघितलं की माणसाला कळतं, ‘काही उपयोग नाही’ हा आतला आवाज अंदाज बांधण्यात कच्चा आहे. हे मी सांगून पटत नाही, वहीच पटवते.

आता करता करता सुटणाऱ्यांबद्दल. यात दोन प्रकार मला दिसतात. पहिला म्हणजे नेहमीचाच व्यायाम अचानक डोंगराएवढा वाटतो आणि अर्ध्यात सोडला जातो. लोकांना वाटतं स्टॅमिना गेला. 2009 मध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना एका दिवशी 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. दोन्ही दिवशी नंतर थकेपर्यंत सायकल चालवायची होती. शिणलेल्या डोक्याने ते साधारण 10 मिनिटं 40 सेकंदांत थांबले, एरवी साडेबारा मिनिटांपर्यंत गेले. हृदयाची आणि स्नायूंची मापं सारखीच होती. बदललं होतं ते एवढंच, की तोच जोर त्यांना जास्त जड वाटत होता. ही निरोगी माणसांवर 90 मिनिटांच्या कामाची गोष्ट झाली. महिनोन्महिने काळजीत असलेल्या, अर्धवट झोपलेल्या माणसाचं काय होत असेल, विचार करा. म्हणून अशा काळात किलोमीटर आणि वेग बघू नका. 10 पैकी 4 किंवा 5 एवढाच जोर लागतोय ना, चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघा. त्या दिवशी त्या जोरात वेग कमी निघाला तर निघाला.

दुसरा प्रकार भीतीचा. पॅनिकचा, म्हणजे अचानक प्रचंड भीतीचे झटके येण्याचा त्रास असलेल्यांना व्यायामातली धडधड, धाप, घाम हे सगळं पॅनिकच्या झटक्यासारखंच वाटतं. एक तरुण माझ्याकडे होता. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके 140 दिसले की तो जागच्या जागी थांबायचा आणि घर गाठायचा. हृदयाची तपासणी झालेली, सगळं ठीक. त्याच्या समुपदेशकांशी बोलून आम्ही घड्याळ काढून ठेवलं आणि एकच मिनिट जिने चढायला सुरुवात केली. वर पोचल्यावर तो मोठ्याने सांगायचा: छाती धडधडतेय, कानात ठोके ऐकू येतायत, पाय गरम झालेत. मग आम्ही पायरीवर बसून ते सगळं ओसरताना बघायचो. ते दर वेळी ओसरायचं. भीतीला जे कळायला हवं होतं ते हेच होतं. पण हे स्वतःच्या मनाने करू नका, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर आधी डॉक्टर.

आणि तिसरे, एका खाड्याने सुटणारे. यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण यांच्यातल्या एकाला मी स्वतः गमावलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी भिंतीवर हजेरीचा तक्ता लावायचे. एका मुलाचा 7 आठवडे एकही खाडा नव्हता. मग तापाने दोन दिवस गेले. मी त्याला निरोप पाठवला, ‘कारणं नकोत, उद्या दिसला पाहिजेस.’ तो पुन्हा कधीच आला नाही. मला वाटलं, गेला, नव्याचे नऊ दिवस. त्याच्या मनात काय चाललं असेल ते कळायला मला पुढची कितीतरी वर्षं आणि त्याच्यासारखी कितीतरी माणसं लागली. स्वतःवर आधीच नाराज असलेला माणूस खाड्याकडे खाडा म्हणून बघत नाही, पुरावा म्हणून बघतो. ‘बघ, मी म्हणत होतो ना, माझ्याच्याने होणार नाही.’ तक्ता त्याला रोज तो पुरावा दाखवत राहतो. मी तो तक्ता काढला.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अ‍ॅलन मार्लट यांनी 1980 च्या दशकात हीच गोष्ट मांडली होती: एकदा पाय घसरला की माणसाला त्याची इतकी लाज वाटते, की ‘गेलंच आता सगळं’ म्हणून तो उरलेलंही सोडून देतो. घसरण्यापेक्षा नंतरची लाज जास्त नुकसान करते. आणि खरं नुकसान किती असतं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात 96 जणांनी एकेक नवी सवय लावून बघितली. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत. 21 दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात थांबलात, म्हणजे सवय अजून कोवळीच होती. आणि याच अभ्यासात असंही दिसलं, की अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

स्नायूंचंही तसंच. 2011 च्या एका अभ्यासात लोकांनी 16 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस पायांचा वजनांचा व्यायाम केला. पुढचे 32 आठवडे काहींनी तो नवव्या हिश्श्यावर आणला, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. तरुण गटाची कमावलेली ताकद तेवढ्यावरही टिकली. मी हा आकडा लोकांना पुन्हा पुन्हा सांगते. वाईट महिन्यात तुम्हाला पुढे जायचं नसतं, फक्त हातचं सोडायचं नसतं, आणि त्याला फार थोडं लागतं. म्हणून प्रत्येकाचा प्लॅन मी दोन पानांवर लिहिते. एक चांगल्या आठवड्यासाठी, एक वाईट आठवड्यासाठी. दुसरं पान आधी लिहायचं, आणि तेही मन बरं नसलेल्या दिवशी, म्हणजे ते खरं उतरतं. तुमचा 6 दिवसांचा प्लॅन तुम्ही कोणत्या दिवशी केलात ते आठवा. बहुधा वर्षातल्या सगळ्यात उत्साही दिवशी केला असेल.

झोपेबद्दल थोडं. वजन कमी करायचंय म्हणता आणि झोप तुटक आहे, म्हणून सांगते. 2010 मध्ये 10 जणांवर झालेल्या एका लहानशा अभ्यासात लोकांनी तेच कमी उष्मांकाचं खाणं 14 दिवस साडेआठ तासांच्या झोपेवर आणि 14 दिवस साडेपाच तासांच्या झोपेवर घेतलं. वजन दोन्ही वेळा सारखंच, सुमारे 3 किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6 किलो. बाकीचं शरीराने बहुतेक स्नायूंसारख्या भागातून काढलं. झोप कमी करून पहाटेचा व्यायाम साधणं तुमच्यासाठी आतबट्ट्याचा व्यवहार ठरतोय.

औषधं चालू असतील तर ट्रेनरला जरूर सांगा. मिर्टाझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन यांनी भूक आणि वजन वाढू शकतं. प्रोप्रॅनोलॉल घेत असाल तर हृदयाचे ठोके एरवीइतके चढत नाहीत, घड्याळातल्या आकड्यांवर विसंबू नका. लिथियम चालू असेल तर घाम गाळणारा व्यायाम सुरू करण्याआधी पाणी आणि मिठाबद्दल डॉक्टरांशी बोललंच पाहिजे, कारण शरीरातलं पाणी घटलं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि वजन वाढतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगितलं तर बदलून देता येते.

एक उलटी बाजूही आहे. कधीच खाडा न पाडणारा माणूस बघून सगळे कौतुक करतात. मी मात्र त्याला बाजूला घेऊन विचारते: ताप असताना, दुखापत असताना विश्रांती घेतोस का? एक दिवस चुकला तर जेवण कमी करतोस का? व्यायाम करून बरं वाटतं, की फक्त अपराधी वाटायचं थांबतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना काहींचे डोळे भरून येतात. खाण्याच्या विकारांत असा सक्तीचा व्यायाम बऱ्याचदा दिसतो. तिथे ध्येय सुटण्यापेक्षा ध्येय न सुटणं धोक्याचं असतं, आणि उपचारांचीच गरज असते.

तुमच्याबद्दल. पाच-सहा महिने झोप नाही आणि कशातच रस नाही, हे मला ट्रेनरने सोडवायचं काम वाटत नाही. डॉक्टर पीएचक्यू-9 नावाची 9 प्रश्नांची चाचणी वापरतात, ती गेल्या 2 आठवड्यांबद्दल विचारते. तुमचे महिने झालेत. या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगा, कारण यांच्या कमतरतेतही असाच थकवा आणि अशीच उदासी येते. जगणं नको वाटतंय किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वेळ मिळण्याची वाट बघू नका, आजच जवळच्या कुणाला सांगा आणि त्यांच्याबरोबर तातडीच्या विभागात जा.

व्यायाम त्यासोबत चालू ठेवा, पण असा: आठवड्यातून 3 दिवस, संध्याकाळी, 10 मिनिटं चालणं. ‘काम संपवून लॅपटॉप बंद केला की बूट घालेन’, असं एका ठरलेल्या गोष्टीला बांधून टाका. नुसतं ‘संध्याकाळी जाईन’ नको. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो आकडा सध्या बाजूला ठेवा. त्याच संघटनेने 2020 मध्ये सलग 10 मिनिटं हवीत ही जुनी अट काढून टाकली, म्हणजे 4 मिनिटांत परत आलात तरी ते धरलं जातं. 4 आठवडे मिनिटं वाढवायची नाहीत, जमतंय असं वाटलं तरीही नाही. दिवस ठरलेत तेवढेच मोजायचे.

12 किलोचं ध्येय सध्या कपाटात ठेवा. झोप आणि औषधोपचार मार्गी लागेपर्यंत काट्यावरचा आकडा तुमच्या हातात फारसा नाही, आणि दर सकाळी तो बघून फक्त एक पुरावा वाढेल. 10 किलोमीटर मात्र सोडू नका. ते तुम्ही आवडीने लिहिलंय, वजनासारखं नाइलाजाने नाही, हे तुमच्या वाक्यातच दिसतं. फक्त तारीख काढून टाका. सलग अर्धा तास आरामात चालता यायला लागलं की 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं असं सुरू करू. तिथवर पोचलात की मला कळवा, पुढचं लिहून देईन. आणि घरी ज्यांनी आरंभशूर म्हटलं, त्यांच्यापैकी एकाला त्या 10 मिनिटांसाठी सोबत यायला सांगा. वाटेत बोललं पाहिजे असं काही नाही.